तिच्या ताटातला भात

धान कापणीला आला की आमच्याकडची माणसं खुशीत येतात. लाखनीहून भंडाऱ्याला जाणाऱ्या एसटीच्या खिडक्या भराभर उघडतात, कुणीतरी लांब श्वास ओढतं आणि शेजारच्याला म्हणतं, "वास येऊन राहिला ना गा नव्या धानाचा?" या वासानं म्हणे भूक लागते. मला लागत नाही. मी माझ्यापुरती खिडकी लावून घेते. शेजारची बाई रागानं पाहते, तेव्हा रुमाल काढून नाकाला लावते, म्हणजे तिला वाटावं धुळीचा त्रास असेल. एका सुगीत मी हा वास दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरून सात आठवडे घेतला होता. तेव्हापासून तो माझ्या डोक्यात फिनाईल आणि उकळलेल्या दुधाबरोबर एकत्र बसलाय.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढं महामार्गाला लागून तो दवाखाना आहे. वरच्या मजल्यावर तेव्हा सहा खाटांचा एक वॉर्ड होता, जेवण सुटलेल्या मुलींचा. आता तिथं मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात असं ऐकते. बरंच झालं. मोतीबिंदू लोकांना समजतो. जेवण सुटणं हा आजार असतो, माणूस त्यानं मरू शकतो, हे आमच्याकडे शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटत नाही. धानाच्या कोठारात राहायचं आणि उपाशी मरायचं? माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, "दोन लाव कानाखाली, खाते कशी नाही तं पाहू." शेजारणीला बाहेरचं काहीतरी दिसलं. मी स्वतः शाळेत टायफॉइड सांगून रजा घेतली. मास्तरीण मी, मुलांना खरं बोलायला शिकवणारी.

माझी सुजाता तेव्हा सोळा वर्षांची होती, अकरावीत, डॉक्टर व्हायचं होतं तिला. आधी तिनं रात्रीचा भात सोडला. म्हणाली, "भात खाल्ला का झोप येते, आई. अभ्यास नाही होत." मला काय वाटलं असेल? अभिमान वाटला. स्टाफरूममध्ये मी ते सांगितलं, आणि बाकीच्या बायका आपापल्या पोरांच्या नावानं बोटं मोडू लागल्या. मग दुपारचा भात गेला. मग पोळी गेली, मग सणाचं गोड गेलं, मग तिची पाळी गेली. डोक्याचे केस उशीवर राहू लागले आणि ऐन उन्हाळ्यात ती स्वेटर घालून बसू लागली. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं. शिकलेल्या बाईकडे कारणांचा तुटवडा नसतो. कॉलेजच्या जिन्यात ती चक्कर येऊन पडली तेव्हा कुठं माझी कारणं संपली.

वॉर्डातला दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. मुलींना काट्यावर पाठमोरं उभं करायचे, आकडा त्यांना सांगायचे नाहीत. आरसा कुठंच नव्हता. नळावरच्या चकचकीत तोटीलासुद्धा कुणीतरी चिकटपट्टी गुंडाळली होती. आठला नाश्ता, अकराला फळ, एकला जेवण, चारला दूध, साडेसातला पुन्हा जेवण. एका लांब टेबलाशी सहा मुली आणि प्रत्येकीजवळ घरचं एक माणूस. जेवणाला अर्धा तास. त्यानंतर तासभर सगळ्यांनी हॉलमध्ये एकत्र बसायचं, न्हाणीघराला कुलूप, कुणी जाऊन ओकून येऊ नये म्हणून. त्या तासात कॅरम असायचा, रंगवायची चित्रं असायची, आणि कुणीतरी एक तरी रडत असायचीच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की वसतिगृहातल्या पोरी सुटीच्या दिवशी कंटाळल्यात.

टेबलाच्या टोकाला कापगते सिस्टर उभ्या असायच्या. साकोलीकडच्या, पन्नाशीच्या, आवाज रस्त्यापर्यंत जाईल असा. त्यांच्या हातात तक्ता असे. ताट रिकामं झालं की त्या मुलीच्या नावापुढं बरोबरची खूण. बोलण्यात त्यांचा एक नियम होता, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या जिन्यातच बजावायच्या, "पोरीले 'भरून आली' म्हणाचं नाही. 'तब्येत सुधरली' म्हणाचं नाही. 'बारीक झाली' तं मुळीच नाही. पिक्चरचं बोला, कुत्र्यामांजराचं बोला." आमच्याकडे माणूस भेटला की पहिलं वाक्यच तब्येतीचं असतं. त्यामुळं पाहुणे येऊन गप्प बसायचे आणि संत्री ठेवून निघून जायचे.

सुजाताच्या शेजारी रिया बसायची, तुमसरच्या एका कापडवाल्याची मुलगी. दोघींचं गूळपीठ. रिया नकला छान करायची, कापगते सिस्टरांची तर हुबेहूब. एकदा मी सुजाताला घास भरवायच्या नादात तिच्या नावाची गोष्ट सांगायला लागले. नाव माझ्या वडिलांनी, आबांनी ठेवलेलं. उपास करकरून हाडांचा सापळा झालेल्या सिद्धार्थाला जिनं खिरीचं पात्र दिलं, तिचं नाव. उपाशी राहून काही हाती लागत नाही हे त्या खिरीनंच तर कळलं, वगैरे, वर्गात सांगते तसं रंगवून मी सांगितलं. सुजातानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिनं खीर दिली हे सगळे सांगतेत. तिनं सोता खाल्ली का नाही, कोणीच नाही सांगत." रिया टेबलावर हात आपटून हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला बोलू, एक मुस्काटात द्यावीशीही वाटली.

आबांचं इथं सांगायलाच हवं, कारण माझ्या हातून जे झालं त्याचं खापर मी त्यांच्यावर फोडलं होतं. आबा लहान असताना घरात चूल रोज पेटत नसे. दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, राबायचं आणि संध्याकाळी त्यांच्या मागच्या दारी वाडगं घेऊन उभं राहायचं, वरून जे पडेल ते घरी आणायचं. आदल्या दिवशीचं, आंबलेलं, कुणाच्या तरी पंगतीतलं. आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी ते वाडगं गावच्या बोडीत, तळ्यात, फेकून दिलं. आबा आम्हाला दोनच नियम सांगायचे. "उष्टं मागाले कोणाच्या दारी जाचं नाही. अन् आपल्या ताटातलं टाकाचं नाही." आमच्या घरात भाताचं शीत जमिनीवर पडलं तर उचलून तोंडात टाकतात. मुलांच्या ताटात उरलं की आई खाते. मी शाळेत पोषण आहाराची खिचडी वाढताना पोरांच्या पाठीशी उभी राहते आणि ताट पुसून घेतल्याशिवाय कुणाला उठू देत नाही. एवढ्या वर्षांत हा हात दुसरं काही शिकलाच नव्हता.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचं जेवण, अर्धा तास संपत आलेला. सुजाताच्या ताटात चार-पाच घास वरणभात उरला होता. शेजारच्या रियानं अचानक उठून खिडकीशी जाऊन रडून आकांत मांडला, कापगते सिस्टर तिच्याकडे वळल्या. आणि माझा हात पुढं झाला. विचार करून नव्हे. घरी जसा होतो तसाच झाला. तो वरणभात मी खाल्ला. सिस्टर वळल्या, त्यांनी रिकामं ताट पाहिलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "शाब्बास सुजाता! आज तं कमाल केली!" तक्त्यावर खूण झाली. सगळ्या टेबलानं टाळ्या वाजवल्या.

तेव्हा बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, अहो सिस्टर, मी खाल्लं, सवयीनं झालं. सिस्टर चार शब्द बोलल्या असत्या आणि विषय संपला असता. पण टाळ्या वाजत होत्या, आणि खूप महिन्यांनी कुणीतरी माझ्या पोरीला शाब्बास म्हणालं होतं. ती शाब्बासकी मी माझ्यासाठीसुद्धा घेतली. सुजाता माझ्याकडे पाहत होती. मी तक्त्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. जास्त नाही, बोटभर. आणि सरकवताना ती हसली. तुम्हाला सांगते, तिचं जेवण सुटल्यापासून माझ्याकडे पाहून आलेलं ते पहिलं हसू होतं. आधी आमच्यात जेवणाशिवाय विषय नव्हता आणि जेवणाचा विषय निघाला की भांडणाशिवाय शेवट नव्हता. ती मला पोलीस म्हणायची. आता अचानक आम्ही दोघी एका बाजूला होतो. त्या हसण्यासाठी मी रोज चार घास खाल्ले, मग सहा, मग अर्धं ताट. सिस्टरांची पाठ कधी वळते ते मला आता आधीच कळू लागलं होतं. पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईला असल्या गोष्टी शिकाव्या लागत नाहीत.

तक्त्यावर खुणा वाढत गेल्या आणि काट्यावर काही हलेना. डॉक्टर मॅडम चक्रावल्या. तरुण होत्या, इथल्याच, बाहेर शिकून मुद्दाम परत आलेल्या. त्यांनी पुन्हा रक्त तपासलं, थायरॉइड पाहिला, आहार बदलला, औषध बदललं. एक दिवस माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "मॅडम, ती एवढं खाते आहे आणि शरीराला काहीच लागत नाही. आमचंच कुठंतरी चुकतंय." मी मान हलवली. हो, चुकतंय कुठंतरी, अशी. त्या आठवड्यात माझ्या ब्लाउजच्या शिवणी उसवाव्या लागल्या, त्या मी खाटेच्या कडेला बसून स्वतः उसवल्या. माझ्यात त्यावेळी लाज नावाची चीज शिल्लक नव्हती, होती ती फक्त भीती.

शनिवारी डॉक्टर मॅडमनी मला आणि माझ्या नवऱ्याला, प्रकाशला, खाली बोलावलं. हृदयाची पट्टी समोर ठेवली आणि सांगितलं की ठोके फार मंदावलेत. सोमवारपर्यंत फरक पडला नाही तर नागपूरला अतिदक्षता विभागात हलवावं लागेल, आणि पुढचं त्या सांगू शकत नाहीत. प्रकाशनं टेबलाची कड घट्ट धरली. मला माहीत होतं फरक का पडत नाही. त्या खोलीत एकटीला माहीत होतं. आणि मी वर गेले, टेबलाशी बसले, आणि संध्याकाळच्या जेवणात तिनं सरकवलेलं ताट पुन्हा माझ्याकडे ओढलं. सांगितलं तर मला घरी पाठवतील, एवढंच डोक्यात होतं. पोरगी मरेल याच्यापेक्षा पोरीजवळून मला उठवतील याची भीती मोठी होती. हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही.

रविवारी कुटुंबाची बैठक असायची. सुजाता, प्रकाश, मी, डॉक्टर मॅडम, आणि दाराशी कापगते सिस्टर. प्रकाशनं धीर, जिद्द, आपल्या माणसांनी काय काय सोसलं, असं पुष्कळ सांगितलं. तो बँकेत आहे, पण भाषण त्याला जमतं. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "सुजाता, तुला काही सांगायचं आहे?" ती पायांच्या बोटांकडे पाहत म्हणाली,

"माझं जेवण आई खाते."

प्रकाश हसला. त्याला वाटलं, पोरगी टोमणा मारतेय, आई डोकं खाते तसं काहीतरी. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू राहिलं तिथंच राहिलं.

"किती दिवसांपासून?" डॉक्टर मॅडमनी मला विचारलं. उत्तर सुजातानं दिलं. "अकरा."

तोंड उघडलं तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं असेल? "आमच्यात अन्न टाकत नाहीत हो, मॅडम." आणि मग मी आबांचं सगळं बाहेर काढलं, ते वाडगं, ती मागची दारं, ते दोन नियम. खरी गोष्ट होती, एकही शब्द खोटा नव्हता, आणि मी ती ढालीसारखी पुढं धरली होती. ते वाडगं गेल्यावर ज्या माणसानं पुन्हा कधी कुणापुढं हात पसरला नाही, त्याची भूक मी माझ्या बचावाला लावली. कापगते सिस्टर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "बाई, तुमच्या बापाले खाले भेटे नाही. हे पोरगी बिमार हाये. दोन गोष्टी एका ताटात कायले कालवता?"

बाहेर व्हरांड्यात मी सुजाताला गाठलं. माझ्या मनात राग होता, लपवत नाही. मी तिच्यासाठी खोटं बोलले, तिच्यासाठी चोर झाले, आणि तिनंच मला उघडं पाडलं असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "तूच सरकवत होती ना ताट? मंग?"

ती भिंतीला टेकली. उभं राहायचं तरी तिला धाप लागे. "मी तं बिमार आहो," ती म्हणाली. "मी सरकवीनच. तू काहून खाल्लं? मले रोज वाटे, आज आई नाही म्हणन. आज म्हणन. तू एक दिवस नाही म्हटलं नाही."

काटा का हलत नाही ते कळलं होतं, म्हणून सोमवारी तिला नागपूरला हलवलं नाही. हलवलं मला. डॉक्टर मॅडमनी मला जेवणांच्या वेळी वॉर्डात यायला बंदी केली, माझ्या जागी प्रकाश रजा काढून बसू लागला. मी खाली, गाड्या लावतात तिथल्या सिमेंटच्या बाकावर. समोरच्या बांधीत कापणी चालली होती. बाया वाकून धान कापत, मुठीमुठीनं मागे आडवं घालत पुढं सरकायच्या. दुपारी शेताच्या धुऱ्यावर बसून डबे उघडायच्या. एकदा त्यातली एक, मला रोज तिथं पाहणारी, ओरडून म्हणाली, "या ना बाई, जेवाले या!" लाखोळीची डाळ आणि भात होता. मी गेले, बसले, घास तोंडात घेतला. "कोण हाये दवाखान्यात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पोरगी. "काय झालं?" मी म्हटलं, टायफॉइड.

तीन आठवड्यांत काटा हलला. मग चांगला हलला. पोरगी जेवू लागली, माझ्याविना. ती वाचतेय याचा आनंद आणि ती माझ्याविना वाचतेय याचा जळफळाट, दोन्ही घेऊन मी त्या बाकावर बसायचे. आईचं प्रेम, आईची माया यावर मी शाळेत कितीतरी निबंध लिहून घेतलेत. त्या निबंधांत हा बाक कुणी लिहीत नाही, आणि कुणी लिहिला असता तर मी त्याला दहापैकी दोन दिले असते.

रिया आमच्या आधी घरी गेली होती, बरी होऊन. पुढच्या पावसाळ्यात ती वारली. तिच्या आईचा फोन आला. ती रडत नव्हती. म्हणाली, "तुमची पोरगी बोलली, ताई. माझी नाही बोलली." रियाच्या ताटाचं घरी काय होत होतं, ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

सुजाताला आम्ही धान घरी येऊन पडल्यावर घरी आणलं. त्याला सहा वर्षं झाली. डॉक्टर व्हायचा नाद तिनं स्वतःच सोडला. आता नागपूरला एका लॅबमध्ये नोकरी करते, मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. सुगीत चार दिवस घरी येते. हसते, भांडते, बापाशी पैजा लावून कॅरम खेळते. केस चांगले दाट झालेत. हे मी मनात म्हणते. तोंडानं तब्येतीचं काहीही बोलायचं नाही, ही कापगते सिस्टरांची शिकवण घरात अजून चालते.

काल आली. नव्या तांदळाचा भात केला, वरण केलं, वांग्याची भाजी केली. तिनं ताट स्वतः वाढून घेतलं. मी वाढलेलं तिला चालत नाही. आणि ताट घेऊन ती आपल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. बापाबरोबर ती जेवते. मैत्रिणींबरोबर हॉटेलात जेवते, त्याचे फोटो पाठवते. सहा वर्षांत माझ्यासमोर तिनं घास तोंडात घातलेला नाही. डॉक्टर मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या, तिनं हे ठरवलंय, तुम्ही मान्य करा. मी मान्य केलंय. प्रकाश घरी नव्हता, म्हणून मी एकटीच ओट्याशी उभ्याउभ्या जेवून घेतलं.

अर्ध्या तासानं दार उघडलं. ती मोरीवर गेली, माझ्याकडे पाठ करून तिनं ताट घासलं, विसळलं, आणि माझ्या हातात दिलं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

ताट लख्ख होतं. रिकाम्या ताटावर विश्वास ठेवायचा नसतो, हे त्या वॉर्डाला मीच शिकवलं होतं. मी ते ताट फडक्यानं पुसलं आणि मांडणीत उभं करून ठेवलं.